शनीच्या कड्यातली धक्काबुक्की

“बाबा, रेवणमध्ये असं काय आहे, जे माझ्यात नाही?”

भवानगिरी बाबा दुर्बिणीची काच पुसत होते. कोणा भक्ताने मठाला दिलेली जुनी दुर्बीण. दिवेलागणीला ती अंगणात मांडायचा त्यांना भारी नाद.

प्रश्न अच्युतचा होता. अकरा वर्षं मठातली पोथी त्यानेच वाचली. या सोमवारी बाबांनी पोथीपुढे त्याच्या गुरुबंधूला, रेवणला बसवलं, आणि नेहमी पेंगणारे म्हातारे चक्क पुढे सरकून ऐकू लागले. अच्युतचा नुसता जळफळाट झाला. वैरागी झाला म्हणून काय झालं!

“तो माझी साडेसाती आहे, बाबा. माझे उच्चार सुधारतो... सगळ्यांदेखत!”

“आणि तो वाचतो तेव्हा तू काय करतोस?”

“मी... खोकतो.”

“मुद्दाम?”

अच्युतने नजर दुर्बिणीकडे वळवली.

“साडेसाती म्हणालास ना? मग शनीच बघ.”

अच्युतने दुर्बिणीला डोळा लावला.

“काय दिसतं?”

“गोळा. भोवती कडं. अगदी सपाट.”

“ते एकसंध नाही. बर्फाचे तुकडे आहेत, काही वाळूएवढे, काही घराएवढे. फिरता फिरता एकमेकांवर आपटतात. झिजतात, चिकटतात, पुन्हा सुटतात.”

“मग कडं विस्कटत कसं नाही?”

“आपटतात म्हणून. एखादा वर उसळला, की दुसऱ्याचा धक्का बसतो आणि तो रांगेत येतो. एवढं अफाट रुंद कडं, पण जाडी आपल्या देवळाच्या उंचीएवढी.”

बाबांचा रोख अच्युतला कळला. पटवून मात्र घ्यायचा नव्हता.

“मला नाही सोसत हे धक्के. एक तर त्याला पाठवा, नाहीतर मला डोंगरावरची गुहा द्या.”

“घे गुहा.”

“... खरंच?”

“आत्ताच जा.”

बाबांनी थांब म्हणून एकदाही म्हटलं नाही, याचंही त्याला वाईट वाटलं. त्याने वळकटी बांधली, बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि निघाला.

फाटकाशी पाय अडला.

“बाबा... मी गेल्यावर पोथीपुढे कोण बसणार? तोच ना?”

बाबा दुर्बिणीत बघत होते.

“काल रेवणही वळकटी घेऊन तिथंच थांबला होता. त्यानंही हेच विचारलं.”