उलट्या वाऱ्याचं भाडं

वडाखाली माणसांनी अजून पारही बांधला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. त्या वडावर आठपायी कोळ्यांची वस्ती होती. जाळं फाटलं की ते गिळायचं आणि त्याच सुताचं नवं विणायचं, ही त्यांची रीत.

पुढे साळुंक्या डोंगरापलीकडून तयार जाळी आणू लागल्या, एका माशीला एक जाळं. तरुण कोळी हरखले. त्यांनी विणणं सोडलं. फाटकं जाळं गिळणं तर त्यांना गावंढळ वाटू लागलं. म्हातारा भिवा कोळी तेवढा विणत राहिला, आणि ते त्याला हसत राहिले.

मग वारा फिरला. उलट्या वाऱ्यात पंख भरून येतात म्हणत साळुंक्यांनी जाळ्यामागे दहा माश्या मागितल्या. फाटक्या जाळ्यात दहा माश्या कुठून सापडणार? तरुण कोळी उपाशीपोटी डोंगराकडे डोळे लावून बसले.

भिवाच्या आठही तळपायांची आग मस्तकात गेली. "मेल्यांनो, डोंगराकडे काय बघताय? सूत तुमच्या पोटात आहे!"

एका कोळ्याने ओशाळून जोर लावला. लखलखीत धागा बाहेर आला. तो पायात धरून त्याने विचारलं, "भिवाआजोबा, याचं पहिलं टोक बांधायचं कुठे?"

अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लूसुद्धा हे कधी कुणाला विचारत नसे.