साच्यातला मोर

एका गावाची रीत होती, लग्नघराच्या भिंतीवर मोर उमटल्याशिवाय मांडवाचा खांब रोवायचा नाही. आणि त्या गावात मोर काढायचा तो सुंदराबाईनेच. तिला ना खडूची आखणी लागे, ना दोरी. काडीला कापूस गुंडाळायचा, रंगात बुडवायचा आणि मानेपासून पिसाऱ्यापर्यंत एका दमात रेघ ओढायची. बायका हातातली कामं टाकून बघत उभ्या राहायच्या.

एका वर्षी ती तापाने फणफणली. जीव वाचला, पण उजवा हात कापू लागला. पाण्याचा तांब्या धरला तरी पाणी हिंदकळायचं. बरं वाटल्यावर ती एका लग्नघरी नेहमीप्रमाणे गेली. भिंतीवर काडी टेकवली, आणि मोराची मान ओढता ओढता रेघ वेडीवाकडी पळाली. ती निघून गेल्यावर घरच्यांनी भिंतीवर गुपचूप चुना फिरवला. हे तिच्या कानावर आलंच. त्या दिवसापासून सुंदराबाईने रंगांचे डबे माळ्यावर टाकले आणि लग्नांना जाणंही सोडलं. मग लग्नघरची माणसंच जमेल तसा मोर काढू लागली.

घरात तिची सून होती, वच्छला. ती शिवणकाम करायची. त्याच सुमारास गावच्या बाजारात प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद झाल्या, तेव्हा तिने जाड कॅनव्हासच्या पिशव्या शिवायला घेतल्या. पिशव्या मजबूत होत्या, पण कोऱ्या. बाजारात सगळ्यांच्या पिशव्या सारख्याच दिसायच्या. एकीची वांगी दुसरीच्या घरी जायची आणि मग दारोदार चौकशा चालायच्या. वच्छलाला वाटलं, यांच्यावर काहीतरी चित्र हवं.

तिने तालुक्याहून अ‍ॅक्रिलिक रंगाच्या बाटल्या आणल्या. सासूने पूर्वी स्वतःच्या दाराशी काढलेला मोर पातळ कागदावर गिरवून घेतला. सासूच्या आजारपणातला एक्स-रे ट्रंकेत पडून होता. त्या फिल्मवर तो कागद चिकटवून ब्लेडने मोर कापला. पहिल्या खेपेला मोराचा डोळाच गळून पडला. दुसऱ्या खेपेला तिने डोळा धरून ठेवायला मध्ये बारीक पट्ट्या राखल्या, आणि साचा तयार झाला.

साचा, रंग आणि स्पंजचा तुकडा तिने सासूपुढे ठेवला. सुंदराबाईने त्याला हातही लावला नाही.

"ज्यांना काढता येत नाही त्यांनी साचा वापरावा," ती म्हणाली.

वच्छला हळूच म्हणाली, "आत्याबाई, आता तुम्हालाही येत नाही."

सुंदराबाई त्या दिवशी जेवली नाही. सुनेचा राग आला होता, पण सून खोटं बोलली नव्हती, त्याचं दुःख जास्त होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडून झाल्यावर तिने स्वतःच स्पंज मागून घेतला.

पहिली पिशवी बिघडली. तिने भिंतीच्या सवयीने भरपूर रंग घेतला, तो साच्याखाली पसरला आणि मोराचं डबकं झालं. दुसऱ्या पिशवीवर हात कापला, साचा सरकला आणि मोराला दोन चोची आल्या. तिसरीचा रंग कापडातून पार होऊन मागच्या बाजूला उतरला. वच्छला म्हणाली, आजच्यापुरतं राहू द्या. सुंदराबाईने नकारार्थी मान हलवली आणि पुढची पिशवी ओढली.

हळूहळू तिला उमगत गेलं. पिशवीच्या आत पुठ्ठा घालायचा. साच्याच्या चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या करायच्या. रंग स्पंजला लावून आधी फडक्यावर टिपून टाकायचा, इतका की स्पंज जवळजवळ कोरडा वाटावा. मग रेघ ओढायची नाही, नुसतं वरून खाली थोपटत जायचं. थोपटताना हात कापला तरी बिघडत नव्हतं. साचा हलत नव्हता, आणि रंग कडेबाहेर जात नव्हता. ज्या सकाळी तिने साचा उचलला आणि खाली मानेपासून पिसाऱ्यापर्यंत स्वच्छ मोर दिसला, त्या सकाळी तिने पदराने डोळे पुसले आणि दुसरी पिशवी मागितली.

मोराच्या पिशव्या बाजारात दिसू लागल्या. एक दिवस पाटलीणबाई घरी आल्या. त्यांची लेक शालन हिचं लग्न ठरलं होतं, आणि प्रत्येक पाहुण्याला एकेक पिशवी द्यायची होती.

"माझ्या लग्नात तुमच्याच हातचा मोर होता," पाटलीणबाई म्हणाल्या. "तुमचा हात बरा झाला, फार छान झालं. मी सगळ्यांना सांगितलंय, सुंदराबाई एकेक मोर हाताने काढतात."

एवढं काम पुन्हा चालून येणार नव्हतं. साचा आतल्या खोलीत होता. नुसतं हो म्हटलं असतं तरी कोणाला कळलं नसतं. आणि सुंदराबाईला तर तिचं गेलेलं नाव परत मिळालं असतं. पण तिने उजवा हात पुढे धरला. तो कापत होता.

"हात बरा झालेला नाही, पाटलीणबाई. मोर माझाच, पण साच्याने उमटवलेला. वच्छले, साचा आण आणि दाखव यांना."

पाटलीणबाईंचा चेहरा उतरला. आता लोकांना काय सांगू, असं काहीतरी त्या पुटपुटल्या आणि काम न देताच निघून गेल्या. वच्छलाला फार वाईट वाटलं. सासू मात्र म्हणाली, आता लपवायचं काही उरलं नाही, चल बाजारात.

पुढच्या बाजाराला सुंदराबाईने वडाखाली चटई अंथरली आणि सगळ्यांसमोर पिशव्या रंगवायला बसली. साचा उघडा, कापणारा हातही उघडा. लोक जमले. कोणी हळहळलं, कोणी कुजबुजलं. ती थोपटत राहिली. मग कुंभाराची म्हातारी आई पुढे झाली. तिचे डोळे अधू होते. मला जमेल का, असं तिने विचारलं. सुंदराबाईने तिच्या हातात स्पंज दिला. साचा उचलल्यावर मोर पाहून म्हातारी लहान मुलीसारखी हसली. त्यानंतर रांगच लागली. जन्मात कधी चित्र न काढलेली माणसं आपापली पिशवी घेऊन येऊ लागली. कोणी भेंडीचा साचा कापून आणला, कोणी बैलाचा. वांगी ज्याच्या त्याच्या घरी जाऊ लागली.

ही बातमी शालनच्याही कानावर गेली. लग्नाच्या आदल्या आठवड्यात ती मैत्रिणींना घेऊन स्वतःच सुंदराबाईच्या दारात आली. तिच्यामागे पाटलीणबाई होत्या, जरा संकोचलेल्या.

"मावशी, पाहुण्यांच्या पिशव्या मलाच रंगवायच्यात," शालन म्हणाली. "तुम्ही शिकवाल?"

पाटलांच्या अंगणात पिशव्या पसरल्या. सुंदराबाई एकीकडून दुसरीकडे फिरत सांगत होती, रंग कमी घे, चिकटपट्टी नीट दाब, घाईने साचा उचलू नको. रंग वाळल्यावर वच्छला पिशव्या उलट्या करून आतून इस्त्री फिरवत होती, म्हणजे धुतल्यावर रंग जाणार नाही. पाटलीणबाई बराच वेळ नुसत्या बघत होत्या. शेवटी त्यांनीही पदर खोचला.

लग्नाच्या दिवशी एका पाहुणीने विचारलं की इतके सुंदर मोर कोणी काढले. नवरी म्हणाली, "आम्हीच. सुंदराबाईंनी शिकवलं." आणि तिने मांडवात बोट दाखवलं. तिथे पहिल्या रांगेत सुंदराबाई बसली होती. फार दिवसांनी ती कोणाच्या लग्नाला आली होती. कापणाऱ्या मुठीत अक्षता धरून ती मंगलाष्टकं ऐकत होती.

तात्पर्य काय, तर आधार घेतल्याने माणूस लहान होत नाही. आधार उघडपणे घ्यावा आणि काम सोडू नये.