गोटीचं दार

डोंगराच्या कुशीत, अळूच्या हिरव्यागार बनामागे एक इवलंसं घर होतं. त्यात सोनकी आणि तिची आई राहायची. आई गोधड्या शिवायची आणि दोघींचं कसंबसं भागायचं. त्यात वादळ आलं. विजेचे खांब आडवे झाले, बोअरची मोटर बंद पडली आणि आई तापाने फणफणली. चार दिवसांत घरातली कळशी कोरडीठाक झाली. बोअरमध्ये पाणी होतं हो, दोनच पुरुष खोल! पण त्याचं तोंड एवढं अरुंद की साधा तांब्याही आत जाईना.

"सोने, घोटभर पाणी गं," आई पुटपुटायची.

पाचव्या पहाटे ती वाटी घेऊन अळूत शिरली. पानापानांवर दवाचे टपोरे मोती लुकलुकत होते, कुठे गुलाबी, कुठे निळे, कुठे सोनेरी. पान अलगद वाकवलं की टपकन थेंब वाटीत! एका पानावर मात्र बोटभर उंचीची परी बसून ओंजळीने दव पीत होती. चंदेरी पंख, शेवंतीच्या पाकळ्यांचा पिवळाधमक झगा आणि कमरेला खोचलेली इवलीशी छडी.

"पी हो, पोटभर पी," सोनकी म्हणाली. "मी पुढचं पान बघते."

परीला भरून आलं. "स्वतःचा घसा कोरडा, आणि मला पी म्हणतेस? माग बाळे, तीन गोष्टी माग. पण पाणी मागायचं नाही, ते मला देता येत नाही. आणि जे मागशील ते तुझ्या घरात आधीपासून असायला हवं."

आता याला काय वर म्हणायचा! सोनकीला हसावं की रडावं कळेना. तरी तिने घराचा कोपरान् कोपरा आठवून पाहिला.

"बोअरच्या पाण्यापर्यंत पोचेल असा पाइप दे."

झगमग झगमग! कारल्याच्या मांडवाला बांधलेला लांब काळा पाइप सुटून अंगणात आला. परीला घेऊन सोनकी धावत आली आणि तिने पाइप बोअरमध्ये सोडला, पण वर ओढताच आतलं पाणी भसकन खाली पळालं. दहादा केलं, दहादा पळालं. तिचे डोळे भरून आले.

"रडू नकोस गं," परी म्हणाली. "ते का पळतंय ते बघ."

"त्याला दार नाही म्हणून!" सोनकी एकदम ओरडली. "मला आत येताना उघडणारं आणि परत जाताना मिटणारं दार दे."

तिच्या तळहातावर दोऱ्याचं रिकामं रीळ आणि तिची लाडकी हिरवी काचेची गोटी येऊन पडली. सोनकीने पाइपाच्या खालच्या टोकापासून चार बोटं वर, गोटी पुढे पळू नये म्हणून, एक खिळा आडवा घातला, मग आत गोटी टाकली, आणि रिळाला चिंधी गुंडाळून ते टोकात घट्ट बसवलं. पाइप खाली दाबला की गोटी उचलली जायची आणि पाणी रिळाच्या भोकातून आत यायचं. वर ओढला की गोटी भोकावर बसायची, दार बंद! खालीवर, खालीवर, दंड भरून आले, आणि पाइपाच्या वरच्या तोंडातून भळभळ पाणी आलं.

तेवढ्यात शेजारची येसूमावशी हंडा घेऊन दारात. "पोरी, आमाला बी मिळंल का गं?"

"लावा की मावशी! आईपुरतं उकळत ठेवते, मग सगळ्यांचं भरू."

सगळी वाडी हंडे घेऊन आली. दुपारपर्यंत सोनकी आणि मावशी आळीपाळीने पाइप हलवत राहिल्या. मधेमधे सोनकी गार केलेलं पाणी चमच्याचमच्याने आईला पाजून यायची. आई डोळे मिटूनच प्यायची.

"तिसरं राहिलं हं," परी उंबऱ्यावर बसून म्हणाली.

"आईचं हसू दे," सोनकी हळूच म्हणाली. "ते घरातच आहे. पाच दिवस दिसलं नाही, एवढंच."

आईने डोळे उघडले. समोर चिंब भिजलेली लेक उभी, नाकावर चिखल आणि केसांत कारल्याचं पान.

"अगंबाई, हे काय ध्यान!" म्हणत आई खुदकन हसली.

परीने अजून छडी उचललीसुद्धा नव्हती. ती गोड हसली, तिच्या पंखांतून सोनेरी उजेड घरभर सांडला, आणि त्या उजेडात ती विरून गेली. सोनकीने वळूनही पाहिलं नाही. ती आईकडे बघत होती.