सत्कार पलीकडच्या काठावर

खासदार पारूबाई ढोणे संसदेत उभ्या राहिल्या. "आमच्या गावाच्या नदीवर पूल नाही. अडलेल्या बाईलासुद्धा गूळ करायच्या मोठ्या कढईत, काहिलीत बसवून पाण्यातून पलीकडे न्यावं लागतं."

मंत्री हसले. "बाई, जरा माहिती घेऊन बोलत जा. त्या पुलाचं उद्घाटन मी स्वतः केलंय, इथूनच कळ दाबून!" बाकं वाजली.

पारूबाईंनी हात जोडले. "मग चुकलंच माझं! साहेब, आता गावाला तुमचा सत्कार करू द्या. सोमवारी याच. मंडप पलीकडच्या काठावर घालतो, तुम्ही आपले पुलावरून गाडीनं या."

मंत्र्यांनी घाईघाईनं फाइल उलटीसुलटी चाळली. मग खाली वाकून हळूच विचारलं,

"पारूताई, त्या काहिलीत माणसं किती मावतात हो?"