भोकरवाडीचे उतरवलेले कवाड

भोकरवाडीच्या वेशीवर पिंपळाला टेकून एक सागवानी कवाड उभे आहे. मागे ना घर, ना भिंत. कुणा पाहुण्याने विचारले, तर गावातले म्हातारे सटवाजीनाना आधी त्या कवाडावर हात ठेवतात आणि मगच सांगू लागतात.

समोरच्या टेकडीवर पूर्वी एका गढीकराची गढी होती म्हणे. भोकरवाडी आणि ओढ्यापलीकडची मोरवाडी, दोन्ही गावांनी त्याची वेठ करायचे नाकारले. तेव्हा त्याने गोड बोलून मोरवाडीला जेवायला बोलावले. कोठारात पंगत बसली, बाहेरून कडी लागली आणि कोठार पेटवले गेले, असे सांगतात.

पाणी आणायला विहिरीवर गेलेली मोरवाडीची पोर येसू तेवढी वाचली. तिने धावत येऊन कडी ओढली. कडी निघाली नाही, तळवे मात्र भाजले.

ती भोकरवाडीला आली, तेव्हा इथेही जेवणाचे आवतण येऊन पोचले होते.

"काहीतरीच काय, येसू!" पाटील म्हणाला. "पानावर बसवून कुणी माणसं मारतं होय? धूर आम्हीही पाहिला. गवत पेटलं असेल. ताक द्या रे पोरीला."

"बुंदी आहे म्हणे," मागून कुणी बोलले. "हिच्या वाटची मी खातो!"

लोक हसले. येसूने ताकाला हात लावला नाही. रडून यांना पटणार नाही, हे तिला कळले.

"नका ठेवू विश्वास," ती म्हणाली. "पण बसायच्या आधी कवाड उतरवा. मनात पाप नसेल तर तो हसेल."

"आणि नाही हसला तर?"

"मग तुम्हीच मला सांगा."

पोरीचा हट्ट म्हणून पाटलाने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी गढीच्या दुसऱ्या कोठारात पाने मांडलेली होती. येसूनेच पहार घातली आणि कवाड चौकटीतून उचकटले.

गढीकर हसला नाही. "कवाडाला हात लावायचा नाही!" तो ओरडला. त्याची माणसे कोठारामागून धावत आली. भर दुपारी त्यांच्या हातात पेटलेले पलिते होते.

पाटलाने पलिते पाहिले, मग येसूचे तळवे. "मागे फिरा रे!" एवढेच तो म्हणाला. सारे जण मांडलेली पाने तशीच टाकून निघाले. तेच कवाड पुढे आडवे धरून गाव गढी उतरले. त्यानंतर वेठीला कुणी गेले नाही.

आजही भोकरवाडीत कुणाच्याही घरी पंगत बसण्याआधी एक कवाड उतरवतात. यजमानाने तेव्हा हसायचे असते. हे ऐकून पाहुणेही हसतात.

"हसा की," नाना म्हणतात. "आमचे यजमानही हसतात. पण कवाड आम्ही उतरवतोच."