तळाची पिवळी वाळू

फार जुनी गोष्ट. एका पहाटे चंदेरी मासोळीला जाणवलं, अंडी घालायचे दिवस जवळ आले. ती तळ्यात येरझाऱ्या घालू लागली. अंडी तळाला घालायची, आणि तळ्यातला गाळ तर रंगाऱ्यांच्या सांडपाण्याने विषारी झालेला.

"मावशी, काळजी कशाला? गाळ मी उपसतो," म्हणत तरुण खेकडा भराभरा उकरू लागला. बघता बघता गाळातलं विष वर आलं आणि तळं जांभळं झालं.

"शहाण्या, आता हे पाणी गाळायचं कुणी? तुझ्या आजोबांनी?" पाणी गाळून जगणारी शिंपली खोकत म्हणाली.

मासोळी रडकुंडीलाच आली. तेवढ्यात काठचा पाणकणसाचा कोंब म्हणाला, "अरे, थांबा. इतके दिवस माझी मुळं या घट्ट गाळात शिरत नव्हती. याने उकरलं तिथे बघा, सरसर आत चाललीत. मुळांनी विष मी ओढून घेतो."

"मग थोडंथोडंच उकर रे," शिंपली म्हणाली. "वर येईल तेवढं मी गाळते."

तेव्हापासून शिंपली 'पुरे' म्हणाली की खेकडा थांबायचा, आणि मुळं पुढे सरकली की पुन्हा उकरायचा. मासोळी रोज पोहत जाऊन बघून यायची. एके सकाळी तिला खाली पिवळी वाळू दिसली. तिथेच तिने अंडी घातली, आणि त्यातून पिल्लं वळवळत बाहेर आली.

खालच्या तळ्याकडे निघालेल्या बेडकाला तिने हाक मारली. "भाऊ, तिकडचा गाळही विषारीच आहे ना? तिथल्या पोरांना एवढं सांगा, उकरण्याआधी शेजाऱ्याला विचारा."