मागल्याचा धोंडा

बसा, पण त्या धोंड्यावर नको. दमलात हे दिसतंय, तरी तिथं कुणी बसत नाही. आणि तुमचे सगळे वर आले का? ते चष्मेवाले पाव्हणे अजून खालच्या वळणावरच दिसतात. येऊ द्यात त्यांना. तोवर ऐका. घाई असेल तर ही खिंड तुमच्या कामाची नव्हे.

हा मागल्याचा धोंडा. कोकणाकडं तोंड करून बसलेला माणूसच जणू, असं म्हणतात. त्याच्या पायाशी ती घंटा बघितलीत ना, गवत कोंबलेली? वाजवू नका. ती कुणी वाजवत नाही.

पूर्वी या वाटेनं मिठाचे तांडे चढायचे. दसरा झाला की वंजारी कोकणात उतरायचे, बैलांवर मीठ लादायचे आणि ही खिंड चढून देशावर जायचे. त्या दिवसांत खालनं धुकं असं उसळतं की आपल्याच बैलाचं शेपूट दिसत नाही. म्हणून त्यांची एक रीत होती. सगळ्यात शेवटच्या बैलाच्या गळ्यात मोठी घंटा बांधायची. पुढं चालणाऱ्या नायकानं ती ऐकायची. मागनं घंटा वाजतेय म्हणजे तांडा पुरा आहे, मागं वळून बघायचं कारण नाही. बापजाद्यांपासून असंच चाललेलं.

केरबा नावाचा एक नायक होता. चालायला वाघ, बोलायला मिठ्ठास, तांड्यात त्याचा शब्द खाली पडत नसे. त्याची बायको गजरा. एका सालाला खिंड चढताना तिच्या पायात काटा मोडला, म्हणे. ती कडेला टेकली, काटा काढू लागली, आणि शेवटचा बैल तिच्यापुढनं निघून गेला. घंटा वाजत वाजत वर आली. केरबानं ऐकली आणि तळावर जाऊन पथारी टाकली. चूल पेटवायची वेळ झाली, तेव्हा त्याला कळलं की गजरा नाही.

या खिंडीत आवाज फिरतो. घंटा उजवीकडं वाजली तर डावीकडनं ऐकू येते. गजरा त्या आवाजामागं गेली आणि डावीकडं कडा होता. धुकं फाटलं तेव्हा ती खाली सापडली.

पंच बसले. सगळ्यांनी सांगितलं, केरबा, तुझी चूक नाही, घंटा तर वाजत होती. केरबा उठून उभा राहिला. मग म्हणाला, "घंटा ऐकली मी. माणूस नाही ऐकलं. आजपासनं मला नायक म्हणू नका. मागला म्हणा."

मागला म्हणजे रेंगाळणारा, रखडलेला. तांड्यात ती शिवीच. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. जगात नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असंच फार असतं. यानं उलटं केलं, नाव हलकं घेतलं आणि काम भारी. नायकाची काठी त्यानं पुतण्याला, राणबाला दिली. शेवटच्या बैलाची घंटा सोडून आपल्या कमरेला बांधली आणि सगळ्यांच्या मागं चालू लागला.

तेव्हापासून त्या वाटेवर कुणी मागं राहिलं नाही. कुणाचा पाय मुरगळला, कुणाच्या गोणीचा बंद तुटला, तर धुक्यातनं घंटा यायची, मागला यायचा. पण मागं चालणाऱ्याचं काय असतं ते जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. पुढं गाणी चालायची ती त्याला अर्धीच ऐकू यायची. तो तळावर पोचायचा तेव्हा गप्पा संपून लोक कलंडलेले असायचे. त्याची भाकरी फडक्याखाली झाकून ठेवलेली असायची. थंडगार भाकरी खायची, चूळ भरायची आणि आडवं व्हायचं. वर्षानुवर्षं त्याच्याशी दोन वाक्यं सलग बोललं असं कुणी नव्हतं. त्याला माणसं हवी होती हो, नाही असं नाही. कधी कधी तो निजलेल्या माणसांच्या कडेला उगाच बसून राहायचा, असं सांगतात.

राणबानं एकदा विचारलं, "काका, पुरं झालं आता. टाका की ते नाव. काकीला जाऊन किती सालं झाली."

तो म्हणाला, "दुसऱ्यानं ठेवलेलं नाव असतं तर टाकलं असतं बाबा. हे माझं मीच घेतलंय. ते टाकलं तर मागं कोण हाय?"

इथं खिंडीच्या तोंडाशी आला की तो दर वेळी थांबायचा, कोकणाकडं तोंड करायचा आणि हाक मारायचा, "राहिलं का गं कुणी?" गं म्हणायचा. कुणाला म्हणायचा ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. उत्तर आलं नाही की मगच पाऊल उचलायचा.

असा तो म्हातारा झाला. एका सालाला कुंभाराची म्हातारी रखमाई, वाटेत सोबत मिळावी म्हणून तांड्याबरोबर निघाली. निम्म्या चढावर तिला ताप भरला. मागल्यानं तिला शेवटच्या बैलावर बसवलं. धुकं दाट, म्हातारी घाबरलेली. त्यानं कमरेची घंटा सोडून तिच्या हातात दिली. म्हणाला, "वाजवत जा आई. पुढचे ऐकतील आणि तुला उतरवून घ्यायला येतील. मी दम खाऊन आलोच."

घंटा तळावर पोचली. कुणीतरी म्हणालं, मागला आला. लोकांनी अंधारात तापलेल्या म्हातारीला उतरवून घोंगडीत गुंडाळलं, घंटा तिच्या हातात कशी हे कुणी विचारलं नाही, त्याची भाकरी झाकून ठेवली आणि सगळे निजले. घंटा वाजली होती, मग बघायचं कशाला?

सकाळी राणबाला भाकरी दिसली. फडकं तसंच होतं.

तो धावत खिंडीत आला. मागला इथंच, या धोंड्याला टेकून बसलेला होता, तोंड कोकणाकडं. अंगावर दव होतं. जीव कधीच गेला होता.

रखमाईचा ताप उतरल्यावर ती बोलली, म्हणे. बैलावर असताना तिनं मागनं त्याची हाक ऐकली होती. "राहिलं का गं कुणी?" नेहमीसारखी. मग जरा वेळानं आणखी एक, बारीक आवाजात. "मी राहिलोय रे." तिला वाटलं, पुढच्यांना सांगतोय, पुढचे ऐकतील.

राणबा त्या दिवशी लहान पोरासारखा रडला. त्यानं घंटेत गवत कोंबलं आणि ती इथं ठेवली. परत ती कुणाच्या गळ्यात बांधली नाही.

तांडे गेले, मिठाचे बैल गेले. पण आजही या वाटेनं लग्नाचं वऱ्हाड जावो की जत्रेची माणसं, निघताना एकानं आपणहून म्हणायचं, मी मागला. दुसऱ्यानं कुणाला ते नाव द्यायचं नाही. आणि इथं आलं की सगळ्यांनी थांबायचं, मागं वळायचं आणि हाक मारायची, "मागल्या, आलास का?" त्यानं स्वतःच्या तोंडानं "आलो" म्हटल्यावरच पुढं जायचं. तेही लगेच नाही. त्याचं उत्तर आल्यावर थोडं आणखी गप्प उभं राहायचं. ते केरबासाठी.

ते बघा, तुमचे पाव्हणे वरच्या वळणावर आले. उठा, वळा तिकडं. आणि नुसतं हात हलवू नका, नाव घेऊन हाक मारा.